भट्टीच्या बाजूचा माणूस

संध्याकाळी कामगार संघटनेचे चिटणीस फोटो न्यायला येणार होते. चार वाजून गेले तरी आजोबांचा फोटो भिंतीवरच होता, आणि तो उतरवायला आणलेलं स्टूल बैठकीच्या खोलीत मधोमध उभं होतं. येणारा-जाणारा त्याला वळसा घालून जात होता.

दोघा भावांतले धाकटे त्यावर टेकायला गेले तशी कोपऱ्यातल्या खुर्चीतून त्यांची थोरली बहीण अक्का म्हणाली, "स्टूल आहे ते. आधी तुझं वजन सांग त्याला."

"बारीक झालोय मी, अक्का."

"काचेच्या दुकानात एवढे आरसे असून?"

मास्तरांचा मुलगा हसला, कारण कोणीतरी हसायला हवं होतं. मास्तर हसले नाहीत. सामाईक भिंतीच्या भांडणानंतर दोघे भाऊ एका खोलीत बसत होते ते आज पहिल्यांदाच, आणि तेही उद्याच्या समारंभापायी. पूर्वी जिथं काचेचा कारखाना होता, तिथं कामगार संघटनेचं नवं सभागृह उभं राहिलं होतं. उद्या सकाळी त्याचं उद्घाटन. जुन्या संपात गोळीबारात मेलेल्यांची नावं आतल्या भिंतीवर कोरून झाली होती आणि त्यांतलं पहिलं नाव यांच्या आजोबांचं होतं. त्या नावाखाली फोटो लागणार होता. नातू म्हणून मास्तर बोलणार होते. भाषण त्यांच्या खिशात होतं. सगळी नोकरीभर, दर वर्षी त्या तारखेला, वर्गातल्या मुलांना त्यांनी जे सांगितलं, तेच जरा नीट करून लिहिलेलं.

"सूनबाई," मास्तर म्हणाले, "ते कागद पुन्हा दे बघू. चष्मा लावून वाचतो."

"बाबा, मघाशी चष्मा लावूनच वाचलेत तुम्ही."

"मग काढून वाचतो."

सुनेनं कागद दिले. तिच्या मांडीवर ते सकाळपासून होते आणि कडा घामानं मऊ पडल्या होत्या. खरं तर ही पीडा मास्तरांनीच ओढवून घेतली होती. भाषणात वाचायला त्या वेळच्या वर्तमानपत्रातला एखादा परिच्छेद मिळतो का बघ, असं त्यांनीच तिला सांगितलं होतं. जुने अंक कोणीतरी स्कॅन करून इंटरनेटवर ठेवले होते. चौकटीत शब्द लिहिला की तो ज्या ज्या पानावर असेल ती पानं पिवळ्या खुणांसकट समोर येत. तिनं आजोबांचं नाव आणि आडनाव लिहिलं होतं, आणि पानांचा लोंढा आला होता. भर बाजारात हाक मारली तर अर्धा बाजार वळून बघेल, असं ते आडनाव. नावही त्या काळी घराघरांत असलेलं.

"सांग ना काकांना, कोण कोण सापडलं," तिचा नवरा म्हणाला. त्याला विषय हलका करायचा होता.

"एक जण पोहण्याच्या शर्यतीत पहिला आलाय," ती म्हणाली. "एकानं टक्कल घालवायच्या तेलाची जाहिरात दिलीय, तीन वर्षं दर आठवड्याला. एकाला सायकल चोरताना धरलाय."

"तो आपल्यातला," धाकटे म्हणाले. "माझी सायकल अजून दादाकडेच आहे."

"ती तू मला दिली होतीस," मास्तर कागदावरून नजर न काढता म्हणाले.

"वापरायला दिली होती."

सून एका लॅबमध्ये रक्त तपासायची. तिथं आल्या आल्या तिला पहिली गोष्ट शिकवली होती ती ही, की नळीवरच्या नावावर विश्वास ठेवायचा नाही. एकाच नावाचे दोघं एकाच बाकावर शेजारी बसलेले असतात; एकाला साखर असते, दुसऱ्याला नसते. नाव, वय आणि पत्ता जुळल्याशिवाय रिपोर्टवर सही करायची नाही. ही सवय तिनं घरी आणली नसती तर बरं झालं असतं, असं तिच्या नवऱ्याला कालपासून वाटत होतं. त्यानं ते बोलूनही दाखवलं होतं. तेव्हा ती म्हणाली होती, "आणि उद्या तुझा रिपोर्ट दुसऱ्याच्या हातात गेला तर?"

शोध लागला तो आडनाव सोडून दिल्यावर. तिनं अक्काला विचारलं होतं, आत्या, तुमच्या आजीच्या शेजारी कोण राहायचं? अक्कानं एक विचित्र आडनाव सांगितलं. दुसऱ्या मुलखातून आलेलं कुटुंब, अख्ख्या शहरात त्या आडनावाचं एवढं एकच घर. ते चौकटीत टाकल्यावर मोजकीच पानं आली. त्यांतल्या एका पानावर, शेजाऱ्याच्या नावाखाली दोन ओळी सोडून, आजोबांचं नाव होतं.

"काढूनही तेच दिसतंय," मास्तर म्हणाले आणि चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"मोठ्यानं वाच की," अक्का म्हणाली. "कालपासून तुम्ही लोक नुसते कागद फिरवताय. मला अर्धंच माहिती."

मास्तरांनी कागद सुनेकडे सरकवला.

"दोन बातम्या आहेत, आत्या," सून म्हणाली. "पहिली गोळीबाराच्या दुसऱ्या दिवशीची. मेलेल्यांत आपल्या आजोबांचं नाव आहे. पुढं लिहिलंय, वय बावीस, अविवाहित, काच फुंकण्याच्या कामावर, राहणार नदीपलीकडच्या खोल्या. आई दाईचं काम करते."

"अविवाहित?" अक्का म्हणाली. "आमचे वडील तेव्हा तीन वर्षांचे होते."

"तसं कधी कधी होतं," धाकटे म्हणाले.

"तू गप."

"आणि दुसरी बातमी दोन महिन्यांनंतरची. सरकारी चौकशी बसली होती तेव्हाची. त्यात हेच नाव, हेच आडनाव. वय एकतीस, भट्टीवाला, राहणार कारखान्याच्या मागच्या दारासमोर. त्याची साक्ष छापलीय." तिनं दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले. "आत्या, मेलेला माणूस साक्ष द्यायला येत नाही."

मागच्या दारासमोरची खोली अक्काला माहीत होती. ती तिथंच जन्मली होती.

"साक्ष वाच," ती म्हणाली.

"नको," मास्तर म्हणाले.

"वाच गं."

सुनेनं सासऱ्यांकडे पाहिलं. ते स्टुलाकडे बघत होते. तिनं वाचलं, एका सुरात, लॅबमधले आकडे वाचावेत तसं:

"प्रश्न: संप चालू असताना तुम्ही रोज कारखान्यात जात होता? उत्तर: रोज रात्री. प्रश्न: कशासाठी? उत्तर: कोळसा टाकायला. प्रश्न: मालकांनी बोलावलं होतं? उत्तर: बोलावलं नसतं तरी गेलो असतो. प्रश्न: पगार घेतला? उत्तर: घेतला. घरी लेकरू आहे. प्रश्न: तुमचे सोबती बाहेर उपाशी होते, हे तुम्हाला माहीत होतं? उत्तर: होतं. भट्टी विझली की मुशीतला काचेचा रस थिजतो आणि मूस फुटते. मग संप जिंकून ते परत आले असते तर कशावर काम केलं असतं? प्रश्न: तुम्ही नेमके कोणाच्या बाजूचे? उत्तर: भट्टीच्या."

बाहेर कोणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं आणि ती चालू होत नव्हती.

"म्हणजे संपफोड्या," धाकटे शेवटी म्हणाले. "सरळ शब्द आहे. आमचा आजोबा संपफोड्या."

*

मास्तरांना त्या क्षणी आठवला तो एक मुलगा, पहिल्या बाकावरचा, नाव आता गेलं. सर, गोळी कुठं लागली होती, असं त्यानं विचारलं होतं आणि मास्तरांनी आपल्या छातीच्या डाव्या बाजूला हात ठेवला होता. पुढं दर वर्षी तो हात आपोआप तिथंच जायचा. गोळी तिथं लागली हे आपल्याला कोणी सांगितलं होतं, असा विचार त्यांनी आजपर्यंत केला नव्हता. आता करत होते आणि कोणाचाही चेहरा डोळ्यांपुढं येत नव्हता.

"दादा, माझं ऐक," धाकटे खुर्ची ओढून जवळ बसले. इतक्या जवळ ते वर्षभरात आले नव्हते. "उद्याचा दिवस जाऊ दे. हे कागद ठेव कपाटात. कोणाला काय कळणार आहे? नाव तेच आहे ना? भिंतीवर नाव आपलंच आहे की."

"नाव आपलं आहे," मास्तर म्हणाले.

"मग झालं तर! आणि स्पष्टच बोलतो. सभागृहाच्या तळमजल्यावरचा गाळा हुतात्म्याच्या घरचा म्हणून मला मिळणार आहे. शब्द दिलाय त्यांनी. आता मी जाऊन सांगू, की माफ करा, आमचा माणूस आत कोळसा टाकत होता?"

"काकांचं बरोबर आहे, बाबा," मुलगा म्हणाला. "नव्वद वर्षं झाली. यात कोणाचं काय बिघडतंय?"

"ज्याचं नाव आहे त्याचं," सून म्हणाली.

"तो मेलाय गं."

"म्हणून त्याला दुसऱ्याचा चेहरा लावायचा?"

"तू थोडी थांबशील का?" तिचा नवरा म्हणाला. "दोन भाऊ वर्षानं बोलताहेत. तुला आजच बरा मुहूर्त सापडला!"

"मी शोधलं नाही, मला शोधायला सांगितलं होतं."

"परिच्छेद शोधायला सांगितला होता. तू माणूस शोधून आणलास."

मास्तर हे ऐकत होते आणि त्यांना कळत होतं, की तिघं आपल्याच तोंडाकडे बघताहेत. धाकट्यांच्या बाजूनं बोलणं सोपं होतं. वर्षभराचा अबोला एका वाक्यात संपला असता. त्यांनी खिशातलं भाषण काढलं. पहिलं वाक्य होतं, 'ज्यांच्या रक्तानं ही जमीन भिजली, त्यांचा मी नातू.' हस्ताक्षर सुरेख होतं. ते मास्तरांना आज जरा जास्तच सुरेख वाटलं.

"समजा मी बोललोच नाही," ते म्हणाले. "तब्येत बरी नाही म्हणून सांगितलं तर?"

"आणि फोटो?" सुनेनं विचारलं.

"फोटो... फोटो नेऊ देत."

"तब्येतीचं कारण शाळेत पोरं देत होती ना तुला?" अक्का कोपऱ्यातून म्हणाली. "तू काय करायचास त्यांचं?"

मास्तरांनी भाषणाची घडी घातली. उघडली. पुन्हा घातली.

*

अक्काला फार दिवसांनी आजी स्पष्ट दिसत होती. एरवी ती आठवायची ती तुकड्यातुकड्यांनी. हाताची शीर, कोळशाचा वास असलेली घोंगडी. आज अख्खी दिसत होती, दारात उभी, आणि तिच्यापुढं हातात फुलांचं चक्र धरून चार परके लोक.

"स्वयंपाकघरातला खिळा कशाचा आहे रे?" तिनं विचारलं.

धाकट्यांना समजेना. "कोणता खिळा?"

"शेगडीच्या वरचा."

"पुष्पचक्राचा," मुलगा म्हणाला. हे घरातल्या लहान मुलालाही माहीत होतं. दर वर्षी संघटनेचे लोक पुष्पचक्र आणून देत आणि ते फोटोला न घालता स्वयंपाकघरात शेगडीवरच्या खिळ्याला अडकवलं जाई. घरं बदलली, चूल जाऊन गॅस आला, पण प्रत्येक स्वयंपाकघरात तो खिळा ठोकला गेला. मास्तरांची बायको होती तोवर दर वर्षी कुरकुरायची, की पाकळ्या भांड्यात पडतात. पण अडकवायची तिथंच.

"ही आजीची पद्धत," अक्का म्हणाली. "तिनं सुरू केली. मी एकदा विचारलं होतं तिला, फोटोला का नाही घालत? तर म्हणाली, फोटोला काय कळतंय. तो कुठं बसायचा ते मला माहितीय. मला वाटलं, म्हातारी झाली, काहीतरी बोलते."

सून कागद खाली ठेवून ऐकू लागली.

"आजोबा छातीच्या दुखण्यानं गेले, एवढं ती एकदाच बोलली होती. मी समजले, छातीत गोळी लागली ते दुखणं." अक्का मास्तरांकडे वळली. "तुला छातीचं मीच सांगितलं असेन. तू लहान होतास."

मास्तरांचा हात नकळत डाव्या बाजूला गेला होता. त्यांनी तो खाली घेतला.

"आणि नळाचं सांगायची. गल्लीतल्या नळावर तिला कोणी पाणी भरू द्यायचं नाही. रांगेत उभी राहिली की रांग मोडायची, सगळ्या बाया बादल्या घेऊन घरी. का, ते नाही सांगितलं. वर्षानुवर्षं असं. शेजारचं ते परक्या मुलखातलं कुटुंब तेवढं भिंतीवरून घागर द्यायचं. मग आजोबा गेले. मग नवी माणसं आली संघटनेत, जुनं काही माहिती नसलेली. नाव विचारत विचारत आली दारात. हेच का घर त्यांचं? ती म्हणाली, हेच."

"म्हणजे खोटं बोलली," धाकटे म्हणाले.

"कुठं खोटं? नाव विचारलं, तिनं हो म्हटलं. ज्यांनी पाणी भरू दिलं नाही त्यांनी फुलं आणली. तिनं घेतली. दार लावलं. आणि नेऊन चुलीवर टांगली, आपल्या माणसाला. ती काही हुतात्म्याची विधवा होऊन बसली नव्हती. आपण सगळे बसलो होतो."

"तुला हे सगळं माहिती होतं, अक्का?" मास्तरांनी विचारलं. त्यांचा आवाज बारीक झाला होता.

"तुकडे माहिती होते. जुळले आत्ता, या पोरीनं वाचल्यावर." तिनं सुनेकडे बोट केलं. "इतकी वर्षं आपण भट्टीला फुलं वाहतोय आणि सांगतोय दुसऱ्याच्या गोळीची गोष्ट. मला नाही लाज वाटत त्याची. पगार घेतला का विचारलं, तर म्हणाला, घेतला. तुमच्यात आहे का कोणी असं तोंडावर सांगणारं?"

धाकटे काहीतरी बोलणार होते. तेवढ्यात घंटा वाजली.

*

चिटणीस मोठे हसतमुख गृहस्थ होते. एका हातात पुष्पचक्र, दुसऱ्या हातात फोटो गुंडाळायला आणलेला जाड कागद. आत येता येताच ते म्हणाले, "अजून भिंतीवरच! मला वाटलं, पुसूनबिसून तयार असेल." आणि सरळ स्टुलावर पाय ठेवला.

"उतरा," मास्तर म्हणाले.

आवाज वर्गातला होता. चिटणीस उतरले. आपण का उतरलो हे त्यांना उतरल्यावरही कळलं नसावं.

"बसा. सूनबाई, यांना कागद दाखव."

सुनेनं दाखवले. वय, पत्ता, काम. एकेका ओळीवर बोट ठेवून. चिटणिसांनी शांतपणे पाहिलं, मग कागद गुडघ्यावर ठेवून हात जोडल्यासारखं केलं.

"मास्तर, खरं सांगू? माझ्या दृष्टीनं हे मी पाहिलेलं नाही. नाव कोरून झालंय आणि नाव बरोबर आहे. लोकांना एक चेहरा लागतो. बाकीच्या कोणाचा फोटोच उपलब्ध नाही. हा चेहरा चांगला आहे. कोण विचारतंय?"

मघाशी धाकट्यांनी हेच म्हटलं होतं, जवळजवळ याच शब्दांत. मास्तरांनी भावाकडे पाहिलं. धाकटे पायाखालच्या फरशीकडे बघत होते.

"हा चेहरा चांगला आहे, म्हणून तर देणार नाही," मास्तर म्हणाले. "तो आमचा आहे. तुमच्या भिंतीवर त्या पोराच्या नावाखाली मोकळी चौकट ठेवा. ज्याचा फोटो कोणी काढला नाही, त्याचा काढला नाही एवढं तरी दिसू दे."

चिटणिसांचं हसू जरा कमी झालं. त्यांनी पुन्हा साक्षीचा कागद उचलला, आणि या वेळी खरंच वाचला.

"म्हणजे तुमचे आजोबा संपफोडे होते," ते म्हणाले.

"ओ चिटणीस!" धाकटे उठून उभे राहिले. खुर्ची मागं सरकून स्टुलावर आदळली. "आमच्या आजोबाला संपफोड्या म्हणायचं असेल तर आम्ही म्हणू. घरात बसून म्हणू. तुम्ही नाही म्हणायचं."

"अहो, पण कागदावर—"

"कागदावर लिहिलंय की मूस फुटली असती. मी काचेच्या धंद्यात हयात घालवलीय. थिजलेली मूस बघितलीय कधी? डोकं आपटलं तरी निघत नाही आतलं. संप मिटल्यावर तुमची माणसं कामावर गेली ती कशावर गेली? गार भट्टीवर?"

अक्का धाकट्यांकडे बघत राहिली. लहानपणी कोणी मास्तरांना मारलं की हा असाच अंगावर धावून जायचा, स्वतः कमरेएवढा असताना.

"ठीक आहे, ठीक आहे," चिटणीस म्हणाले. "माझं तुमच्याशी वैर नाही. पण मग उद्याचं जरा अवघड होईल. मास्तरांचं बोलणं... आणि तळमजल्याच्या गाळ्याचंही पुन्हा बघावं लागेल."

मुलानं काकांकडे पाहिलं, सुनेनं पाहिलं. धाकट्यांनी मागं सरकलेली खुर्ची पुन्हा जागेवर ओढली.

"बघा," ते म्हणाले. "नीट बघा. खिडक्यांना काचा बसवायच्या असतील तर दुकान माहितीय तुम्हाला. उधारी चालत नाही."

मास्तर म्हणाले, "आणि मी उद्या येणार आहे. कार्यक्रमपत्रिकेत नाव छापलंय माझं. बोलणार आहे."

"कोण म्हणून बोलणार? नाव पुकारताना काय सांगू मी लोकांना?"

"भट्टीवाल्याचा नातू."

"मास्तर, लोक ओरडतील. म्हाताऱ्या कामगारांची पोरं-नातवंडं असतील समोर. बोलू नाही देणार तुम्हाला."

"तीस-पस्तीस वर्षं सातवी 'ब'ला शिकवलंय मी," मास्तर म्हणाले.

चिटणीस उठले. जाताना त्यांना काय करावं सुचेना, म्हणून त्यांनी सवयीनं पुष्पचक्र पुढं केलं. दर वर्षी ते अक्काच्या हातात द्यायचं असा रिवाज होता.

अक्कानं हात पुढं केले नाहीत. पदरात गुंडाळून घेतले.

"हे नदीपलीकडच्या खोल्यांत घेऊन जा," ती म्हणाली. "बावीस वर्षांचा होता. इतक्या वर्षांत एकदाही मिळालेलं नाही त्याला. सगळी आमच्याकडे आली."

"तिथं आता त्याचं कोण असणार? आणि या आडनावाची घरं शेकड्यानं असतील."

"आडनावानं नाही सापडायचे," सून म्हणाली. "आई दाई होती त्याची. तिच्या हातून अर्धी वस्ती जन्मली असेल. कोणीतरी तिच्याविषयी काही छापलं असेलच. मी आजपासून दाई शोधते. सापडलं कोणी, की तुम्हाला कळवते. फुलं सुकली तर नवीन आणा."

तिचा नवरा उठला. तो बायकोला काहीतरी बोलणार, असं सगळ्यांना वाटलं. त्यानं चिटणिसांच्या हातातला जाड कागद पुष्पचक्राभोवती नीट गुंडाळून दिला आणि त्यांच्यासाठी दार उघडून धरलं.

*

दार लागलं. मग मास्तर स्टुलावर चढले.

"दादा, उतर. मी काढतो," धाकटे म्हणाले.

"तुझं वजन सांगितलंस का त्याला?" मास्तर म्हणाले. धाकट्यांनी दोन्ही हातांनी स्टूल धरलं.

फोटो खाली आला. मागच्या भिंतीवर फिकट चौकोन राहिला. जवळून पाहिला तेव्हा सगळ्यांना दिसलं, जे इतक्या उंचावर कधी दिसलं नव्हतं: आजोबांच्या भुवया अगदी विरळ होत्या, नसल्यासारख्याच.

"जळाल्या असतील," धाकटे हळूच म्हणाले. "भट्टीच्या तोंडाशी उभं राहणाऱ्यांच्या राहत नाहीत."

अक्कानं फोटो घेतला आणि कोणाला न विचारता स्वयंपाकघरात गेली. शेगडीवरचा खिळा रिकामा होता. तिचा हात पोचेना, तेव्हा सुनेनं तिच्या हातातून घेऊन अडकवला, सरळ केला, आणि खाली चहाचं आधण ठेवून गॅस पेटवला.

धाकटे दारात येऊन धंद्याच्या नजरेनं बघत होते. "इथं नको ठेवू, अक्का. रोजची वाफ, रोजचा जाळ. काच तडकेल. जाड बसवून देतो मी, पण तरी—"

"राहू दे. त्याला सवय आहे."

बैठकीच्या खोलीतून मास्तरांचा आवाज आला. ते उभ्यानं, भाषणाच्या पाठकोऱ्या बाजूला लिहीत होते आणि लिहिलेलं पुटपुटत होते. "माझे आजोबा तुमच्या बाजूचे नव्हते..."

"मोठ्यानं वाच," अक्का ओरडली. "मागच्या रांगेपर्यंत गेलं पाहिजे."

मास्तरांनी घसा साफ केला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.